कोणता फिल्टर तुंबला

वाइनिकोरो, लाऊ बेटं
२० मे

सेमेसा भावोजी,

तुमच्या भावाला जाऊन आज अठरा दिवस झाले. फोनवर तुम्ही "ठीक आहे" एवढंच म्हणालात आणि आवाज बंद झाला. टेकडीवरचं नेटवर्क गेलं की तुम्ही फोन ठेवलात, ते मला कळलं नाही. म्हणून सगळं लिहून कळवते आहे.

गुरुवारी, २ मे रोजी, दुपारच्या जेवणानंतर ते खोबरं वाळवायच्या शेडकडे गेले. तिथे माडाला टेकून बसले आणि म्हणाले, "जरा दम घेतो." आरोग्य केंद्रातून नर्स वासेमाथा धावत आली तोवर सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, असं ती म्हणाली. चेहऱ्यावर त्रासाची खूण नव्हती.

शनिवारी पुरलं. मोठ्या चटईवर धाकट्या भावाची जागा मोकळी ठेवली होती. मी तिथे कोणाला बसू दिलं नाही.

सुतकात गाव नेहमी एखाद्या गोष्टीला हात लावायचं सोडतं. मागे तुमचे काका गेले तेव्हा शंभर रात्री खडकाजवळची मासेमारी बंद ठेवली होती. या वेळी गावप्रमुख आपाकुकी म्हणाले, "एमोसीचा हात कशावर होता? त्याच्या तेलाच्या पिंपांवर." म्हणून शेडमधली सहाही निळी पिंपं माडाच्या झावळ्या विणून बांधून टाकली आहेत. शंभराव्या रात्रीपर्यंत कोणी उघडायची नाहीत. काहींनी हे मानासाठी केलं, काहींनी भीतीपोटी. कोणी कशासाठी, ते मी विचारलं नाही.

त्यामुळे आरोग्य केंद्राचं जनरेटर आता जहाजातून येणाऱ्या नुसत्या डिझेलवर चालतं. तीन-चार दिवस झाले, त्याच्यावरचा लाल दिवा लागतो. आवाज जड झाला आहे. खिडकीखालची भिंत काळी पडली आहे आणि वासेमाथाचे पांढरे पडदे धुऊनही करडेच राहतात. लशींचा फ्रीज त्याच यंत्रावर आहे. तुम्ही खाणीत हीच कामं करता. काय करावं, ते लिहाल का?

शंभरावी रात्र १० ऑगस्टला येते. तुम्ही यावं अशी माझी विनंती आहे.

तुमची वहिनी,
लाइसानी


काल्गुर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलिया
३ जून

वहिनी,

पत्र मिळालं. चटईवर जागा ठेवलीत, त्याबद्दल आभार.

मी येणार नाही. रजा मिळणार नाही असं लिहून मोकळा झालो असतो, पण रजा मिळते. मी येणार नाही.

दादा गेला त्याचं मला दुःख आहे. पण मार्चमध्ये आई गेली तेव्हा फोनवर मी त्याला जे बोललो, ते मागे घेणार नाही. मी त्याला तीनदा बजावलं होतं, की खोबऱ्याच्या तेलाचे खेळ होडीवर कर, कंदिलात कर, पण ज्या यंत्रावर आईचा प्राणवायू चालतो त्यात नको. खोबरेल थिजतं हे लहान पोराला कळतं. माझ्या इथल्या खोलीत गार हवेचं यंत्र असतं, माझी डोक्याला लावायची बाटली बारा महिने दगड झालेली असते. तेच तेल त्याने इंजिनात घातलं. फिल्टर तुंबला, यंत्र थांबलं, आई गेली.

लाल दिव्याचं म्हणाल तर टाकीच्या तळाशी अजून त्याचंच तेल असणार. फिल्टर उघडून पाहा. आत पांढरा, चिकट थर दिसेल. टाकी रिकामी करा, चांगली धुवा, ताजं डिझेल भरा. दिवा जाईल.

तब्येतीला जपा.

सेमेसा


वाइनिकोरो
१९ जून

सेमेसा भावोजी,

तुमच्या पत्रात "खेळ" असा शब्द होता. तो वाचून मी पत्र घडी करून बायबलमध्ये ठेवलं आणि तीन दिवस उघडलं नाही. नंतर वाटलं, लाल दिव्याला आपल्या रागाशी काय करायचं आहे. म्हणून तुम्ही सांगितलं तसं केलं.

गावातली हाताने काम करणारी माणसं मासे घेऊन सुवा शहरात गेली होती, म्हणून मी आपाकुकींना बोलावलं. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, मी गावप्रमुख आहे, मेकॅनिक नाही."

मी म्हटलं, "मग प्रमुखासारखा पाना धरा, पिळते मी."

आधी टाकी रिकामी केली. तळाशी तेल नव्हतं, थेंबभरही नाही. नुसतं डिझेल आणि बोटभर गंजाचं पाणी. मग काचेच्या वाटीतला फिल्टर उघडला, डिझेल इंजिनात शिरतं त्याच्या आधीचा. तो स्वच्छ होता. पांढरं काही नाही, चिकट काही नाही.

आपाकुकी म्हणाले, "झालं. मग दिवा खोटं बोलतोय."

मी यंत्राच्या दुसऱ्या बाजूला गेले. धूर बाहेर पडतो त्या नळीवर एक डबा आहे, आपल्या भाताच्या मोठ्या पातेल्याएवढा. त्यावरही "फिल्टर" असंच लिहिलं आहे. मला माहीतच नव्हतं. आपाकुकींनाही नव्हतं. तो उघडायला आम्हाला अर्धा दिवस लागला, आणि प्रमुखांचा अंगठा चेमटला. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं आहेत, आणि ती सगळी काळ्या भुकटीने बुजलेली. बोट लावलं तर बोट काळं. कोरडं. तेलाचा वासही नाही.

आता मी तुम्हाला एक विचारते. मार्चमध्ये तुमच्या भावाने "फिल्टर तुंबला" असा निरोप पाठवला, तेव्हा तुम्ही कोणता फिल्टर समजलात? आमच्या गावात फिल्टर म्हणजे काचेच्या वाटीतला, कारण दोन वर्षांपूर्वी जुलैच्या थंडीत त्यात कच्चं तेल थिजलं होतं आणि गावभर हसं झालं होतं. तेव्हापासून काहीही बंद पडलं की लोक म्हणतात, "एमोसीचं तेल थिजलं." चर्चचा भोंगा बिघडला तेव्हाही म्हणाले.

माझा रुमाल अर्धा फाडून दोन तुकडे पाठवते आहे. एक काचेच्या वाटीत पुसलेला, एक त्या डब्यात. कुठला कुठला, ते सांगायची गरज पडणार नाही. मी शिकवायचं काम करते, यंत्रातलं मला समजत नाही. तुम्हाला समजतं. तुमच्या भावाच्या तेलाने यंत्र थांबलं असेल तर तसं लिहा, मी मान्य करेन. पण बघून लिहा.

लाइसानी


काल्गुर्ली
४ जुलै

वहिनी,

रुमालाचे तुकडे कामावर नेले. माझा जोडीदार ग्लेन म्हणाला, "कुणाच्या धुराड्यातलं काढून आणलंस हे?" मी सांगितलं, घरून आलंय. तो म्हणाला, "तुमच्याकडे घरं जाळतात का?"

ही काजळी आहे, वहिनी. नुसती डिझेलची काजळी. थिजलेल्या तेलाचा यात काही संबंध नाही.

तुम्ही शिकवता, तर नीट सांगतो. इथे आम्ही जमिनीखाली हजार मीटरवर काम करतो. डिझेलचे ट्रक तिथे धूर सोडतात आणि माणसं तोच श्वासात घेतात. त्या काळ्या भुकटीने फुप्फुसं जातात. म्हणून धुराच्या नळीवर असा डबा बसवतात, तो काजळी अडवतो. पण अडवलेली काजळी कुठेतरी जायला हवी. ट्रक माल भरून चढ चढतो, नळी लालबुंद तापते, आणि त्या उष्णतेने डब्यातली काजळी आपोआप जळून जाते. डबा स्वतःला साफ करतो.

तुमच्या यंत्रावर काय आहे? एक फ्रीज, चार दिवे, कधीतरी प्राणवायूचं मशीन. मोठ्या चुलीवर अंडं उकडत ठेवल्यासारखं. नळी तापतच नाही, काजळी साठत जाते. मग धुराला बाहेर पडायला वाट उरत नाही, इंजिन गुदमरतं, लाल दिवा लागतो, शेवटी थांबतं. हे मला पत्र वाचता क्षणी कळायला हवं होतं. मी रोज हेच काम करतो.

दिवा घालवायला असं करा. डबा काढा, नाकातोंडाला ओलं फडकं बांधा, लाकडावर हलकेच आपटा. होडीला हवा भरायच्या पंपाने उलट्या बाजूने हवा मारा. ती भुकटी श्वासात घेऊ नका, मुलांना लांब ठेवा. डबा परत बसवा आणि यंत्रावर तासभर जेवढा भार टाकता येईल तेवढा टाका. गावात विजेचं जे जे असेल ते जोडा. नळी तापू द्या.

आता दुसरं. ते मी तीन वेळा लिहून तीन वेळा फाडलं.

आई मार्चमध्ये गेली. मार्चमध्ये वाइनिकोरोत माणूस झोपेतही घामाने निथळतो. त्या उकाड्यात खोबरेल थिजेल कसं? मी माझ्या गार खोलीतल्या बाटलीकडे बघून न्याय केला.

पण मग तुंबलं काय? दादाच्या तेलाने इतकी काजळी धरायला नको. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी काही ट्रकांवर वनस्पती तेलापासून केलेलं डिझेल घालून पाहिलं होतं. तसल्या तेलात मुळातच थोडा प्राणवायू असतो, ते जास्त पुरं जळतं. काजळी कमी होते, आणि जी होते ती कमी उष्णतेलाही जळून जाते. अर्थात ते नीट केलेलं तेल होतं, पिंपातलं कच्चं नव्हे. दादा काय घालत होता? कच्चंच ना?

शेडच्या भिंतीवर तो खडूने खुणा करायचा, लहानपणी होडीच्या कामातही करायचा. त्या आहेत का अजून? फेब्रुवारी-मार्चमध्ये यंत्रात काय होतं, ते बघून कळवा.

सेमेसा


वाइनिकोरो
१८ जुलै

सेमेसा भावोजी,

आधी चांगली बातमी. दिवा गेला.

डबा आपटून, हवा मारून झाल्यावर भार कुठून आणायचा हा प्रश्न पडला. वासेमाथा म्हणाली, "इस्त्र्या." गावात अकरा इस्त्र्या निघाल्या. सहा किटल्या निघाल्या, शाळेचं पाणी तापवायचं भांडं आलं आणि चर्चचा भोंगाही आला. सगळ्या बायका आरोग्य केंद्राच्या ओसरीत ओळीने बसल्या. आता इस्त्री हातात आहेच म्हटल्यावर कपडे हवेत. कपडे आले. मग चादरी, पडदे, पाद्र्यांचे झगे, सगळं आलं. आपाकुकी बघायला आले, तर त्यांच्या अंगातला शर्ट त्यांच्या बायकोने काढून घेतला. ते उघडे बसून चहा पीत म्हणाले, "काजळी जाईल तेव्हा जाईल, गावाची अब्रू गेली."

चाळीस मिनिटांनी धुराच्या नळीकडून करपल्यासारखा वास आला आणि यंत्राचा आवाज हलका झाला. दिवा विझला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कित्येक आठवड्यांनी मी हसले, आणि मग मला लाज वाटली.

आता तुमचा प्रश्न.

खुणा आहेत. मला त्या आधीपासून माहीत आहेत. मी तुमच्यापासून लपवून ठेवलं, कारण तसा शब्द दिला होता. तो शब्द आज मोडते आहे.

तेल कच्चं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी थिजलं तेव्हा ते सुवाला जाऊन तीन आठवडे शिकून आले. खार आणि स्पिरिट घालून तेल पातळ कसं करायचं, खाली बसलेला गाळ कसा काढायचा, पाण्याने कसं धुवायचं. त्यानंतर ते कधीही थिजलं नाही. अर्धं ते, अर्धं डिझेल, असं घालायचे. तुम्हाला सांगा म्हटलं तर म्हणायचे, "तो मोठ्या इंजिनांवर असतो, आपलं हे काय सांगायचं." तुम्ही दोघं फोनवर रग्बीचंच बोलायचात.

भिंतीवर गोल म्हणजे तेल घातलेला दिवस, उभी रेघ म्हणजे नुसतं डिझेल. दीड वर्ष सलग गोल आहेत. त्या दीड वर्षात लाल दिवा एकदाही लागला नाही. १७ फेब्रुवारीपर्यंत गोल. १८ पासून रेघा.

१७ फेब्रुवारीला रविवार होता. त्या दिवशी तुमचा फोन आला होता. टेकडीवरून उतरून आले आणि म्हणाले, "सेमेसा म्हणतो ते ऐकायला हवं. आईचा प्राणवायू आहे त्याच्यावर. तिथे माझी हौस नको." दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून नुसतं डिझेल भरलं.

रेघा तेवीस आहेत. तेविसावी मंगळवारची, १२ मार्चची. त्या दिवशी सकाळी दहाला यंत्र थांबलं.

नंतर तुमचा फोन आला आणि तुम्ही जे बोललात ते बोललात. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, "त्याला डिझेलचं कळू देऊ नकोस. त्याला तिथे एकटं राहायचं असतं." आईंचं सगळं आटोपल्यावर त्यांनी तो डबा साफ केला आणि परत तेल सुरू केलं. तेव्हा गाव जास्तच बिथरलं. म्हणाले, आई गेली तरी याची हौस जात नाही. त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. भिंतीवर मात्र परत गोल आहेत, २ मेपर्यंत. मग सुतक लागलं, पिंपं बांधली, आणि यंत्र डिझेलवर आल्याबरोबर दोन आठवड्यांत दिवा लागला.

हे सगळं तुम्हाला लागेल, हे मला कळतं. त्यांना ते नको होतं. पण ते खेळ करणारे ठरून गेले, हे मला सहन होत नाही.

त्या मंगळवारी मी तिथेच होते, म्हणून खात्रीने सांगते की त्यांनी वेळ घालवला नाही. वासेमाथाने लगेच प्राणवायूची टाकी लावली. त्यांनी तो तुंबलेला डबा सोडवून बाजूला फेकला आणि उघड्या नळीवर यंत्र सुरू केलं. चाळीस मिनिटं लागली. धूर खिडकीतून आत येत होता, तो अडवायला मी ओली चटई धरून उभी राहिले. आई हसल्या आणि म्हणाल्या, "मासे धुरावताय की मला?" संध्याकाळी त्यांनी एमोसीकडून पाय चेपून घेतले. बुधवारी सकाळी लिंबाच्या पानांचा चहा घेतला, त्यात बिस्किट बुडवून खाल्लं, आणि तुमच्या लहानपणीचं काहीतरी सांगत होत्या, होडीतून पडलात ते. सगळा वेळ यंत्र नीट चालू होतं.

आता माझ्याकडे लपवलेलं काही नाही.

लाइसानी


काल्गुर्ली
२९ जुलै

वहिनी,

बुधवारी सकाळी?

मी ती ओळ किती वेळा वाचली, ते सांगता येणार नाही. पाळीला उशीर झाला. ग्लेनने येऊन दार वाजवलं.

आई बुधवारी गेली? यंत्र मंगळवारी बंद पडलं, चालू झालं, आणि आई बुधवारी गेली?

वहिनी, मला हे माहीत नव्हतं. जमिनीखाली फोन चालत नाही. त्या आठवड्यात मी दोन पाळ्या लागोपाठ केल्या होत्या. वर आलो की साठलेले निरोप एकदम येतात. त्या दिवशी दोन आले, एका मिनिटात. पहिला, "मशीन बंद पडलं, फिल्टर तुंबला." दुसरा, "आई गेली." दादा पैशागणिक शब्द मोजल्यासारखा लिहायचा. मी दोन्ही एका दमात वाचले. कोणता कधी पाठवला, ते पाहिलंच नाही. यंत्र बंद पडलं म्हणून आई गुदमरून गेली, असं मी चार महिने धरून चाललो.

मी फोन करून त्याला म्हणालो, "तू आईला मारलंस." तो गप्प राहिला. मी समजलो, गप्प आहे म्हणजे कबूल आहे. त्याला वाटलं असेल, दुःखात बोलतोय. एक दिवस मध्ये होता हे मला ठाऊक नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि मी पुढे बोलूच दिलं नाही.

त्या यंत्राला माझा सल्ला चुकला, हे खरं आहे. इथल्या तापलेल्या ट्रकांचं शहाणपण मी उकडत्या अंड्याला लावलं. ते मी गावासमोर सांगेन. पण आईने चहा प्यायला. बिस्किट खाल्लं. माझ्यावर हसली. वहिनी, मला आज पहिल्यांदा तिचा चेहरा आठवला. इतके दिवस आठवायला गेलो की नुसती उसळणारी छाती दिसायची, आणि ती तर मी पाहिलेलीही नव्हती.

रजा मंजूर झाली आहे. सोमवारी निघतो, बुधवारच्या विमानाने बेटावर पोचेन. या पत्राला उत्तर टाकू नका, मला वाटेत गाठणार नाही. समोर बसवून सांगा. बुधवारचं सगळं सांगा, चहात किती साखर होती तेसुद्धा.

सेमेसा


वाइनिकोरो
२२ ऑगस्ट

सेमेसा भावोजी,

तुम्ही पोचलात, असा निरोप टेकडीवर मिळाला. तुमचा एक मोजा इथे राहिला आहे. एकच. दुसऱ्या पायाला इतकी वर्षं काय घालत होता, असं वासेमाथा विचारते आहे. मी म्हटलं, दीर माझा आहे, थट्टा मी करायची.

तुम्ही गेल्यापासून यंत्रात तुमच्या भावाचं तेल आहे. पहिलं पिंप तुम्ही उघडलंत, ते अर्धं संपत आलं. लाल दिवा लागलेला नाही. खडू आता आपाकुकींच्या हातात आहे. त्यांचे गोल अंड्यासारखे येतात. शनिवारी बायका न चुकता इस्त्र्या घेऊन येतात. आता ते काजळीसाठी आहे की गप्पांसाठी, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही लिहून दिलेला कागद, पातळ तेलात स्पिरिट किती आणि खार किती, तो मी वर्गाच्या फळ्याशेजारी लावला आहे. पिंपं संपल्यावर नवं तेल करायला मी आणि वासेमाथा बसणार आहोत. चुकलो तर पत्र टाकू.

शंभराव्या रात्री यंगोना पेयाच्या भांड्याभोवती तुम्ही जे बोललात, त्याबद्दल गावात अजून बोललं जातं. तुम्ही म्हणालात, "तेल थिजलं नव्हतं. डिझेलची काजळी होती, आणि डिझेल घाल असं मी सांगितलं होतं." पुढचं तुम्हाला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आपाकुकी माझ्याकडे आले, दारातच बसले आणि म्हणाले, "भोंगा बिघडला तेव्हा एमोसीचं तेल थिजलं, असं पहिल्यांदा मी म्हणालो होतो. भोंग्यात तेल नसतं, हे मला माहीत होतं." मी त्यांना चहा दिला.

विमानाच्या पायरीवर तुम्ही मला एक विचारलंत. पंख्याचा आवाज होता म्हणून मी नुसती मान हलवली, आणि ती हो होती की नाही, हे तुम्हाला कळलं नसेल. तुम्ही विचारलंत, "दादाला माझा राग आला होता का?"

मी विचार करून लिहिते आहे, कारण उगीच बरं वाटावं म्हणून लिहिलेलं तुम्हाला चालणार नाही.

तुमच्या त्या फोननंतरही ते दर रविवारी टेकडीवर जात होते. फोन लावत नव्हते. वर उभं राहून नेटवर्क आहे का ते बघायचे आणि खाली यायचे. आले की मला सांगायचे, "आज चांगलं येतंय." एवढंच. शेवटच्या रविवारीही गेले. रागावलेला माणूस ती चढण चढत नाही, आणि दम लागत असताना तर नाहीच. ते थांबलेले होते. तुम्ही बोलायला तयार व्हाल तेव्हा आपण हाताशी असावं, म्हणून. त्यांना घाई नव्हती. घाई त्यांना कशाचीच नसायची, हे तुम्हीही जाणता.

आईंच्या बुधवारबद्दल तुम्ही परत विचाराल, म्हणून वासेमाथाच्या नोंदवहीतली ओळ उतरवून ठेवली आहे. "सकाळी चहा, एक बिस्किट. बोलत होत्या. दुपारी तीन वाजता झोपेत. यंत्र चालू." शेवटचे दोन शब्द तिने का लिहिले, असं मी विचारलं. ती म्हणाली, "कोणीतरी कधीतरी विचारेल, असं वाटलं."

आज सकाळची एक गोष्ट सांगून थांबते. शाळेची घंटा मी वाजवते, बावीस वर्षं. आज ती कोणी वाजवली नाही. जाग आली तेव्हा ऊन पायापर्यंत आलं होतं आणि माझा सगळा वर्ग दारात उभा होता, पाट्या छातीशी धरून, एकमेकांना कोपराने ढोसत. शेवटी एकीने धीर केला.

"मॅडम, आजारी आहात का?"

मी म्हटलं, "नाही. झोपले होते."

तुमची वहिनी,
लाइसानी